खडवलीचं पिल्लू

डोंबिवली (पूर्व)
१४ ऑक्टोबर २०२४

चि. मैथिली हिस,
अनेक आशीर्वाद.

पाकीट बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. आपण सासू-सुना रोज संध्याकाळी फोन करतो. मी विचारते, 'जेवायला काय केलंस?' तू विचारतेस, 'गोळ्या घेतल्यात का?' मग दोन्हीकडे नुसती शांतता. परवा ती एवढी लांबली की तू हळूच फोन ठेवलास, आणि मीही उलट लावला नाही. तीस वर्षं पोस्टाच्या काउंटरवर बसून लोकांच्या पत्रांवर शिक्के मारले. स्वतः कोणाला चार ओळींच्या वर लिहिलं असेल तर शपथ. आता लिहून बघते. कागदावर आवाज कापत नाही, एवढा तरी फायदा.

प्रीतमला जाऊन दोन महिने झाले. ह्याविषयी आज एवढंच.

काल कलामंदिरात नाटकाला गेले होते. 'सोयरीक नको रे बाबा'. नावावरून ओळखलंस ना? सोफा मधोमध, तीन दारं, एका दारातून गेलेला माणूस दुसऱ्यातून येतो आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. नायकाला स्वतःच्याच विनोदाचं हसू आवरत नव्हतं. एक म्हातारा नोकर मात्र फार छान केला होता कोणीतरी. सगळा वेळ तो ताटं पुसत होता, पण कोणतं ताट पुसून झालं आणि कोणतं राहिलं हे त्याला पक्कं माहीत होतं. नटाचं सगळं काम तिथेच असतं. बटाटेवडा पूर्वीसारखा राहिला नाही.

तू डबा नेतेस ना ऑफिसात? घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये दोन-दोन तास उपाशी बसू नकोस.

तुझी,
आई

———

ठाणे (प.)
२७ ऑक्टोबर २०२४

ती. आईंस,
सा. न. (असंच लिहितात ना? मी शाळेनंतर पत्र लिहिलेलंच नाही.)

तुमचं पत्र तीन वेळा वाचलं. डबा नेते. खरं सांगायचं तर नेते आणि तसाच परत आणते.

एक गोष्ट तुम्हाला सांगितली नव्हती. तीन आठवडे झाले, घरी एक पिल्लू आहे. कुत्र्याचं. डॅशहुंड म्हणतात ती जात, लांबुडकी आणि बुटकी. प्रीतमने खडवलीच्या एका माणसाला सांगून ठेवलेलं. महिपत त्यांचं नाव, त्यांच्याकडे घरचीच कुत्री आहे. रविवारी गेटवरून फोन आला, 'मॅडम, कोणी महिपत आलेत, पिशवीत कुत्रा आहे.' मी वर पाठवा म्हटलं. ते दारातच उभे राहिले, आत आले नाहीत, पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाले, 'पेपरात फोटो बघितला साहेबांचा. हे त्यांचं हाय. मला दुसऱ्याला देववत नाय.' पिशवी खाली ठेवली आणि लिफ्टमध्ये गेले. मी नको म्हणायला तोंड उघडलेलं, ते तसंच राहिलं.

आई, मला कुत्री आवडत नाहीत, तुम्हाला माहितीये. पण ह्याचं काहीतरी करावंच लागतं. पाणी प्यायला गेला की दोन्ही कान वाटीत बुडतात, मग ते ओले कान घेऊन घरभर फिरतो. बाल्कनीचा उंबरा चार इंचांचा, तो त्याला चढता येत नाही, मग उंबऱ्याशी बसून असा भुंकतो की एकोणिसाव्या मजल्यावर पोलीस आल्यासारखं वाटतं. एवढ्याशा जिवाला एवढा जाड आवाज. चादरीत शिरतो आणि सापडत नाही. नाव ठेवलेलं नाही. 'ए' म्हणते मी.

तुम्ही बघायला या ना.

मैथिली

———

डोंबिवली (पूर्व)
१२ नोव्हेंबर २०२४

चि. मैथिली,
अनेक आशीर्वाद.

'ए' हे काय नाव झालं? लांबुडका आहे म्हणतेस तर पडवळ म्हण. मराठी नाव, लगेच लक्षात राहील, आणि सोसायटीत दुसरं कोणाचं नसेल.

बघायला यायचं मात्र इतक्यात जमणार नाही. गुडघ्याचं निमित्त आहे असं समज.

दिवाळीचे चार दिवस दार लोटून बसले. शेजारणी फराळाची ताटं घेऊन आल्या, आपल्यात यंदा करायचं नसतं ना. प्रत्येकीने माझ्या तोंडाकडे बघितलं, मी रडतेय का ते. मी त्यांना चहा केला.

रविवारी ठाण्याला जाऊन 'कोऱ्या साड्या' बघितलं. तुझ्या घरापासून अर्ध्या तासावर होते, तरी आले नाही, रागावू नकोस. नाटकाची भाषा चांगली आहे. पहिला अंक तर उत्तमच. पण दुसऱ्या अंकात मुलगा गेल्याची बातमी येते आणि त्या आईने जो हंबरडा फोडला, केस सोडले, भिंतीवर डोकं आपटलं... सगळं थिएटर हुंदके देत होतं. मला राग आला. असं करतं का कोणी? पडतानासुद्धा बाईंनी साडीच्या निऱ्या मोडू दिल्या नाहीत. खोटं, अगदी खोटं. पुढच्या रांगेतल्या बाईला मी मध्यंतरात तसं सांगितलंही, तर ती माझ्याकडे बघत राहिली.

पुढच्या रविवारी आणखी एक आहे. पडवळला दूध फार देऊ नकोस, पोट बिघडेल.

तुझी,
आई

———

ठाणे
२५ नोव्हेंबर २०२४

आई,

हे पत्र रागात लिहितेय. फाडून टाकणार होते, पण पाठवतेय.

काल ऑफिसातून आले तर हॉलभर चिंध्या. चपलांच्या कपाटाचं दार नीट लागत नाही, त्यातून ह्याने प्रीतमचा बूट ओढून काढलेला. तपकिरी, लग्नातला. जीभ फाडलेली, टाच चावून चोथा केलेली. मी पेपरची गुंडाळी करून त्याला मारलं. एकदा नाही, चार-पाच वेळा. तो सोफ्याखाली गेला आणि तिथेच शू केली. मग मी जमिनीवर बसले आणि तो बूट मांडीवर घेऊन किती वेळ बसले ते मला माहीत नाही. शेवटी तोच बाहेर आला. माझ्या पायाला नाक लावून झोपला. ज्याने मारलं त्याच्याच पायाशी. मला स्वतःची इतकी किळस आली.

आणि अशा वेळी तुमचं पत्र काढून वाचावं म्हटलं, तर त्यात काय? निऱ्या मोडल्या नाहीत. बटाटेवडा बिघडलाय.

जनाआत्यांचा विठ्ठलवाडीवरून फोन आलेला. म्हणाल्या, 'पोरगं जाऊन चार महिने नाही झाले आणि माझी वहिनी दर रविवारी नटूनथटून नाटकाला जाते, लोक मला विचारतात.' मी तुमची बाजू घेतली. पण फोन ठेवल्यावर मलाच वाटलं, खरंच, तुम्हाला बघवतं कसं? तुम्ही दोघं मिळून जायचात ना? तो आठ वर्षांचा असल्यापासून. मी कधी आले नाही, मला कंटाळा यायचा, म्हणून ती तुमची दोघांची गोष्ट होती. मला त्याच्या बुटाकडे बघवत नाही आणि तुम्ही त्याच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसता आणि नटांना मार्क देता.

माझ्या घरापासून अर्ध्या तासावर येऊन तुम्ही परत गेलात.

मैथिली

———

डोंबिवली (पूर्व)
६ जानेवारी २०२५

चि. मैथिली,

सहा आठवडे उत्तर दिलं नाही. फोनही उचलले नाहीत. तू शेजारच्यांना फोन करून मी जिवंत आहे का ते विचारलंस, हे त्यांनी सांगितलं. चूक माझी आहे. चार वेळा लिहायला घेतलं आणि चारही वेळा फाडलं. आज पूर्ण करणार आहे.

तू विचारलंस, बघवतं कसं. सांगते.

नाटकात अंधार असतो. घरी शेजारणी येतात, जना वन्सं येतात, सगळ्या माझ्या तोंडाकडे बघतात, आणि त्यांच्यासमोर मला रडू येत नाही. घरात एकटी असले तरी येत नाही. पण तिसरी घंटा झाली, दिवे गेले, पडदा सरकला, की ते आपोआप सुरू होतं. शेजारच्याला वाटतं, बाई नाटकात रमल्यात. 'सोयरीक नको रे बाबा'ला सगळे पोट धरून हसत होते, आणि मी तोंडात पदर कोंबून अडीच तास रडले. कोणाला कळलं नाही. दिवे लागायच्या आत डोळे पुसायचे, बटाटेवडा खायचा, घरी यायचं. आठवड्यात तेवढंच मला मिळतं. नट काय करतात ते मला निम्मं दिसतसुद्धा नाही. जे दिसतं तेवढं तुला लिहीत होते, कारण दुसरं काय लिहू?

आता खरी गोष्ट. ही मी कोणाला सांगितलेली नाही.

अकरा ऑगस्टला आमची 'दोन चाव्यांचं घर'ची तिकिटं होती, चार वाजताचा प्रयोग. तो मला म्हणाला होता, 'खडवलीला एक काम आहे, ते आटपून थेट कलामंदिरावर येतो.' मी साडेतीनलाच पायऱ्यांवर जाऊन उभी राहिले. तुला माझा स्वभाव माहीत आहे, पडदा उघडल्यावर आत शिरणाऱ्यांचा मला राग येतो. पावणेचारला त्याला फोन केला. म्हणाला, 'निघतोच आहे.' मी चिडले. 'निघतोच आहे म्हणजे काय? अजून तिथेच आहेस?' प्रयोग लांबला होता, सव्वाचारला पहिली घंटा झाली तेव्हा पुन्हा केला. त्याने मोटरसायकल चालवतच उचलला, वाऱ्याचा आवाज येत होता. 'आई, गांधारीच्या पुलावर आलोय, तू आत जाऊन बस ना.' मी म्हणाले, 'पहिला प्रवेश चुकवायचा असेल तर येऊच नकोस.' हे माझे शब्द. मग दुसऱ्या घंटेला तिसरा फोन केला. तो वाजत राहिला. मी त्याच्यावर रागावून आत जाऊन बसले, मैथिली. तुझा फोन आला तेव्हा पहिला अंक निम्मा झाला होता आणि मी तो उचलला नाही, कारण नाटक चालू होतं.

मध्यंतरात उचलला. पुढे काय झालं ते तुला माहीत आहे. फक्त एक माहीत नाही. तू बोलत होतीस आणि मी उभ्याउभ्या पर्समधलं त्याचं तिकीट काढून, नीट चार घड्या करून, परत आत ठेवलं. हंबरडा नाही, काही नाही. म्हणून 'कोऱ्या साड्या'तल्या त्या बाईचा मला राग आला. तिला जे जमलं ते मला जमलं नाही.

गेल्या महिन्यात 'दोन चाव्यांचं घर' पुन्हा लागलं. मी गेले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत डोळे उघडे ठेवून बघितलं. एक थेंब आला नाही. तुला सांगू? अगदी सामान्य नाटक आहे. दुसऱ्या अंकात लेखकाला पुढे काय करायचं तेच सुचलेलं नाही, तो नुसता माणसं आतबाहेर करतो. आणि पहिला प्रवेश, ज्यासाठी मी एवढी ओरडले, त्यात दोन माणसं कुलूप दुरुस्त करतात. पाच मिनिटं. बाकी काही होत नाही.

ह्या नाटकासाठी मी माझ्या मुलाला घाई केली.

पिल्लू बघायला का येत नाही तेही आता समजलं असेल. त्या दिवशीचं खडवलीचं काम म्हणजे तेच, हे मला तुझ्या पहिल्या पत्रातच कळलं. त्याला बघायची मला हिंमत नाही.

जनाचं म्हणणं खोटं नाही. नटूनथटून मात्र जात नाही, ती तिची भर आहे.

आई

———

ठाणे
१९ जानेवारी २०२५

आई,

पत्र ऑफिसात नेलेलं, जेवणाच्या सुट्टीत गाडीत बसून वाचलं. मग वर गेलेच नाही. बरं वाटत नाही म्हणून मेसेज केला आणि तशीच गाडी काढली. कुठे जातेय ते मलाही माहीत नव्हतं. खडवलीला गेले.

आधी माझं सांगते, कारण तुम्ही तुमचं सांगितलंत.

त्या दिवशी सकाळी आमचं भांडण झालेलं. पिल्लावरून. त्याने मला न विचारता महिपतदादांना हो सांगितलेलं. मी म्हटलं, 'दिवसभर आपण दोघं बाहेर, त्याचं हगणंमुतणं कोण काढणार? आजच्या आज नाही म्हणून कळव.' तो म्हणाला, 'बरं.' एवढंच. चहा अर्धा ठेवला आणि मोटरसायकलची किल्ली घेतली. मी म्हटलं, 'फोनवर सांग की, एवढ्या लांब कशाला जातोस?' तो म्हणाला, 'तोंडावर सांगतो, चांगला माणूस आहे तो.' मी दार लावून घेतलं. टाटासुद्धा केलं नाही. म्हणजे तो खडवलीला गेला तो माझ्यामुळे. मी नको म्हटलं नसतं तर तो त्या रस्त्यावर नसताच. पाच महिने हे पोटात घेऊन फिरतेय. सगळे म्हणतात, 'नवऱ्याची शेवटची इच्छा म्हणून किती प्रेमाने सांभाळते.' मी त्याला सांभाळते कारण मला त्याला परत द्यायची लाज वाटते.

महिपतदादा गोठ्यात होते. मी विचारलं, 'त्या दिवशी प्रीतम किती वाजता आलेला?' ते म्हणाले, 'साडेबारा असंल. आला तो आंब्याखाली खाटेवर बसला. म्हणला, दादा, पिल्लू नको, मैथिलीला चालत नाय, तिचं बी बरोबर हाय. मी म्हटलं, नको तं नको, जेवून जा. भाकरी खाल्ली. मंग म्हणला, एकदा हातात तं द्या. नऊ दिवसांचं होतं, डोळं बी उघडलं नव्हतं. छातीवर ठेवलं आन आडवा झाला. झोप लागली त्याला. मी उठवला नाय. दमलेला दिसत व्हता. तीन कवाच होऊन गेले. तुमच्या सासूबाईंचा फोन वाजला तवा जागा झाला. हसला. म्हणला, दादा, आता माझी काय खैर नाय, आईचं नाटक हाय.'

आई, तो हसला. तुमच्या फोनने तो घाबरला नाही, हसला.

मी महिपतदादांना विचारलं, त्याने नको सांगितलेलं, तरी तुम्ही पिल्लू का आणून दिलंत? त्यांनी म्हशीपुढे पेंढा टाकला. मग म्हणाले, 'मी उठवला असता दोन वाजता, तं निवांत गेला असता. मला बी काय तरी द्यायचं व्हतं ना तुम्हाला.'

म्हणजे आपण तिघं झालो.

मला अजून काही कळत नाही. रस्ता ओला होता, टँकरवाल्याने बघितलं नाही, असं पोलीस सांगतात. मी घरी आले तर पडवळने उशी फाडलेली. ओरडले नाही.

मैथिली

———

डोंबिवली (पूर्व)
२७ जानेवारी २०२५

चि. मैथिली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र देव्हाऱ्यापाशी ठेवलं आहे. रोज 'झोप लागली त्याला' एवढंच वाचते. लहानपणीही तो असाच, कुठेही आडवा झाला की झोप. त्याच्या शेवटच्या दिवशी त्याला दोन तास झोप मिळाली आणि कोणी तरी भाकरी वाढली. मला एवढंसुद्धा माहीत नव्हतं. मी समजत होते की तो दिवसभर धावतच होता.

तू नको म्हणालीस यात चूक काही नाही. मीही नकोच म्हटलं असतं. फोनवर सांगता येत होतं आणि तो स्वतः गेला, कारण त्याला एकदा हातात घ्यायचं होतं. ते त्याचं त्याने ठरवलं. हे मी तुला खात्रीने सांगू शकते. स्वतःला सांगताना तेवढी खात्री वाटत नाही, पण ते माझं मी बघेन.

महिपतना जाऊन भेटायला हवं. त्या माणसाचं ओझं उगाच आहे. उठवलं नाही म्हणून कोणी अपराधी होतं का?

तुझी,
आई

———

डोंबिवली (पूर्व)
२ एप्रिल २०२५

चि. मैथिली,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी तू बाजारात गेलीस आणि मी चिठ्ठी ठेवून निघून आले, याचं तुला वाईट वाटलं असणार. तोंडावर बोलले असते तर तू जाऊ दिलं नसतंस.

फेब्रुवारीत 'पडवळने पलंगावरून उडी मारली, पुढचा पाय मोडला, सहा आठवडे प्लास्टर, आई मी काय करू' असा तुझा फोन आला, तेव्हा मी रिक्षात बसेपर्यंत गुडघ्याचा विचारही केला नाही. दार उघडलंस आणि तो समोर, एक पाय पांढरा, कान जमिनीला टेकलेले. मला वाटलं होतं की त्याला बघून मी कोसळेन. त्याने माझ्या पिशवीत तोंड घातलं आणि चकली काढली. कोसळायला वेळच मिळाला नाही.

ते सहा आठवडे फार चांगले गेले. त्याला पोटाशी धरून खाली बागेत न्यायचं, वर आणायचं, डॉक्टरांकडे न्यायचं. तू ऑफिसातून आलीस की आपण तिघं जेवायचो, तू डबा रिकामा आणायला लागलीस. एकही नाटक बघितलं नाही, आणि आठवलंही नाही.

पण मला दिसत होतं. कोणाचा तरी फोन आला की तू बाल्कनीत जायचीस, दार लावायचीस. एकदा तिथून तुझं हसू ऐकू आलं, चांगलं मोकळं हसू. मी स्वयंपाकघरात होते, मला बरं वाटलं. मग तू आत आलीस, मला बघितलंस, आणि चोरी पकडल्यासारखा तुझा चेहरा पडला. त्या क्षणी ठरवलं की निघायचं. मी त्या घरात असेपर्यंत तुला प्रीतमची बायको म्हणूनच वावरावं लागेल. मीही तुझे सासरे गेले तेव्हा एकोणपन्नासची होते, आणि माझ्या सासूबाई शेवटपर्यंत माझ्याजवळ राहिल्या. प्रेमाने राहिल्या. पण त्या घरात मी मोठ्याने हसले नाही.

फोन कोणाचा ते मी विचारत नाही. तू तेहतीस वर्षांची आहेस, दार उघडं ठेवून हस.

तुझी,
आई

———

ठाणे
६ जुलै २०२५

ती. आई,
सा. न.

तो फोन ऑफिसातल्या मैत्रिणीचा असतो. खरंच. पण तुम्ही लिहिलंत ते बरोबर होतं, मला हसायची लाज वाटत होती.

तीन महिने हे पत्र कसं लिहू कसं लिहू करत होते. मला बंगळुरूला बोलावलंय, कंपनीच्या मोठ्या ऑफिसात. दोन वर्षांसाठी. मी हो म्हटलंय. ह्या घरात मला राहवत नाही, आई. लिफ्टमध्ये लोक अजून आवाज हळू करतात. इथे सगळ्यांना मी 'ती' आहे. तिथे कोणाला काही माहीत नाही.

राहायची सोय दोन मुलींबरोबर आहे, घरमालकाला कुत्रा चालत नाही. दुसरं घर शोधलं, पण मी दिवसभर बाहेर आणि तो परक्या गावात कोंडलेला. महिपतदादा घ्यायला तयार आहेत. पण त्यांना विचारायच्या आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, तसं उलटं झालं.

तुमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्याला जिने चढवू नका असं डॉक्टर म्हणालेत, पाठीला वाईट. म्हणजे रोज दोन वेळा उचलून. तुमचे गुडघे. मला मागायला लाज वाटतेय. नाही म्हटलंत तर मी अजिबात वाईट वाटून घेणार नाही. नाही, हे खोटं आहे. वाटेल, पण समजेल.

वर्षश्राद्धाला येते. ते झालं की जाणार.

मैथिली

———

डोंबिवली (पूर्व)
२४ ऑगस्ट २०२५

चि. मैथिली हिस,
अनेक आशीर्वाद.

तू पोचल्याचा मेसेज मिळाला. खोलीचा फोटोही बघितला. खिडकीत झाड आहे हे छान.

आता इकडचं. तू रविवारी त्याला ठेवून गेलीस. जिन्यात रडायचं नाही असं ठरवून तू भराभर उतरलीस, ते मला वरून दिसलं. तो दाराशी बसला. मला वाटलं, तासाभराने उठेल. संध्याकाळी भात-अंडं पुढे ठेवलं, बघितलं नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. पाणी तेवढं प्यायचा, ओले कान घेऊन पुन्हा दाराच्या फटीला नाक लावून बसायचा. जिन्यात पाऊल वाजलं की उठायचा, पाऊल वर निघून गेलं की बसायचा. मी तुला कळवलं नाही, तू पहिल्या दिवशी ऑफिसात रडत बसली असतीस.

शुक्रवारी दुपारी खाली एक मोटरसायकल थांबली. तळमजल्यावरच्यांकडे कोणी आलं असेल. तो उठला, शेपूट हलवत दारावर पंजे मारायला लागला. आणि मैथिली, मीसुद्धा उठले. हातातली भाजी तशीच टाकून मी दारापर्यंत आले, कडी काढली. वर्ष झालं, तरी आले. जिना रिकामा होता. त्याने बाहेर बघितलं, मग मान वर करून माझ्याकडे बघितलं.

मी खाली बसले, गुडघे कुरकुरत असतानाही, आणि त्याला सांगितलं, 'ती येणार आहे रे. बंगळुरूला गेली आहे, दिवाळीला येणार आहे.' तो बघतच होता. मग मी म्हणाले, 'तो नाही येणार.'

हे मी आजवर कधी बोलले नव्हते. कागदावर लिहिलं, पण तोंडाने नाही. बोलले आणि ऐकू आलं. भर दुपारी, दार सताड उघडं, दिवे चालू, आणि मी उंबऱ्यावर बसून रडले. मोठ्याने. समोरच्या हेमांगीताई धावत आल्या, वरच्या मजल्यावरून कोणी आलं. त्यांनी बघितलं तर बघितलं. पदर तोंडात घातला नाही.

रडून झालं तेव्हा तो माझ्या मांडीवर चढला होता. हेमांगीताईंनी चहा केला. त्यांनी त्याच्यापुढे बिस्किट धरलं, त्याने हुंगलं, आणि खाल्लं. मग दुसरं खाल्लं. मग सकाळचा भात.

आज सकाळी त्याला घेऊन खाली गेले. प्रत्येक मजल्यावर थांबते, दोघंही दम खातो. तू दिवाळीचं तिकीट आत्ताच काढून ठेव, नंतर मिळत नाही. फराळ यंदा करायचा आहे, पण मला एकटीला होणार नाही, तू आल्यावर करू.

तुझी,
आई